बेंजीची कॅसेट

आमची आई गावातली सिस्टर होती. आरमोरीच्या पुढं रस्ता जंगलाकडं वळतो, तिथल्या एका सरकारी दवाखान्यात तिची नोकरी आणि दवाखान्याच्या मागं आमचं क्वार्टर. बाळंतपण असो, साप चावलेला असो, तापानं थरथरणारा कुणी असो, गाव आधी आमच्या दारात यायचं. गावाचा तिच्यावर फार विश्वास. फक्त रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात जे ऐकत बसायची, ते गावाला कधी उमगलं नाही. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हातातला खराटा तसाच धरून दारात थबकली आणि म्हणाली, "सिस्टरबाई, हे गाणं हाय का भांडे पडून राह्यले?" आई हसली. म्हणाली, "ड्रम आहे शेवंता. बेंजी वाजवते." शेवंताबाई थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग गंभीरपणे म्हणाली, "लय राग हाय बापा त्या माणसाले."

बेंजी कोण, हे आज सांगायला बसलं तर मलाच हसू येतं. आईनं त्याला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. ती नागपूरला नर्सिंग शिकत असताना कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमात त्याचा रॉक बँड आला होता. गाणारे कोण, गिटारवाले कोण, तिला काही आठवत नसे. मागं अंधारात बसून वाजवणारा तो एक माणूस तिनं पाहिला आणि तिथंच तिचं काहीतरी झालं. तो रेल्वेच्या वसाहतीतला, वडील इंजिन चालवणारे, एवढंच तिला ठाऊक. त्या बँडनं कधी रेकॉर्ड काढली नाही. पुढं बँड मोडला आणि बेंजी कुठं गेला, यावर त्याचे भक्त भांडत बसले. कुणी म्हणे गोव्याला हॉटेलात वाजवतो, कुणी म्हणे गेला बिचारा. मागं राहिलं ते एवढंच, की निरनिराळ्या गावच्या सभागृहांत कुणी ना कुणी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून जे भरून घेतलं होतं, ते. त्या कॅसेटी रायपूर, जबलपूर, नागपूर अशा पोस्टानं फिरायच्या, आणि त्या फिरण्यातलं एक ठिकाण आमचं जंगलातलं क्वार्टर होतं. आज माझी नात फोनवर बोट फिरवते आणि जगातलं कुठलंही गाणं वाजायला लागतं. तिला मी हे सांगते तेव्हा ती विचारते, आजी, मग एका गाण्यासाठी तुम्ही किती दिवस थांबायच्या? मी म्हणते, पोस्टमन येईपर्यंत.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. पुढच्या खोलीत आईची टेबल-खुर्ची, मागच्या खोलीत चूल, नंतर स्टोव्ह. सकाळी दवाखान्यात सुया उकळत्या पाण्यात ठेवलेल्या असायच्या, त्या भांड्याचं झाकण सारखं थडथडत असायचं आणि ते आमच्या घरात ऐकू यायचं. बाबा वडशाच्या राईस मिलमध्ये होते. शनिवारी संध्याकाळच्या बसनं येत, सोमवारी पहाटे जात. मिलच्या धडधडाटानं त्यांचे कान हळूहळू गेले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग मुलांचे. आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो आणि ते फार हळू बोलायचे. रविवारी आई लाखोळीचं वरण करायची, भात तर रोजचाच, पावसाळ्यात कोवळ्या बांबूच्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी. तिखट, किंचित कडू, अजून जिभेवर आहे. जेवणं झाली की टेप लागायचा. बाबांना ड्रम ऐकू यायचे. ते म्हणायचे, "हे एक चांगलं काढलं तुह्या बेंजीनं. मले बी समजते."

कॅसेटची दुसरी प्रत काढायची तर आमच्याकडं एकच उपाय होता. दवाखान्यात आरोग्याचा प्रचार ऐकवायला आलेला एक जुना टेपरेकॉर्डर होता. तो आणि आमचा, असे दोन्ही टेप तोंडासमोर तोंड करून जमिनीवर ठेवायचे. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं भरून घ्यायचं. तेवढा वेळ घरात हूं की चूं करायचं नाही. मी मोठी, मला जमायचं. माझा धाकटा भाऊ चंदू, त्याच्यासाठी ती शिक्षा होती. तो तोंडावर दोन्ही हात दाबून, डोळे मोठे करून बसायचा. आणि हात तोंडावर नसले तर ते डब्यावर असायचे. तुपाचा एक रिकामा डबा त्यानं आपला करून टाकला होता. तो मांडीत घेऊन, पुरता न वाजवता, बोटाच्या टोकांनी नुसतं शिवल्यासारखं करत बसायचा. आई डोळे वटारायची, पण तिच्या ओठांच्या कडेला हसू असायचं.

चंदू एका पावसाळ्यात तापानं गेला. आमच्या भागात ताप डोक्यात चढतो म्हणतात, तसा चढला. आईनं जे करायचं ते सगळं केलं, गडचिरोलीला नेलंही, पण नाल्याला पूर होता आणि उशीर झाला. याहून जास्त मला लिहिता येत नाही. शेवंताबाईनं त्याचा डबा न विचारता उचलून नेला. त्यानंतर घर असं शांत झालं, की दवाखान्यातल्या झाकणाचा थडथडाटसुद्धा मोठा वाटायचा. आईनं टेपवर कापड टाकलं. बाबा रविवारी अंगणात बाज टाकून बसू लागले. चंदूचं नाव कुणी घेईना. ठरवून नव्हे, पण एकानं घेतलं तर दुसऱ्याचं काय होईल, या भीतीनं तिघंही गप्प.

मग हिवाळ्यात रायपूरहून एक कॅसेट आली. ज्यानं पाठवली त्याला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. बेंजीचा कुणीही न ऐकलेला तुकडा आहे, त्यात तो एकटाच वाजवतो, एक प्रत काढून नागपूरला गजभियांकडं पाठवा आणि मूळ कॅसेट मला परत करा, असा निरोप होता. आईनं ती कितीतरी दिवस तशीच ठेवली. शेवटी एका दुपारी तिनं दोन्ही टेप समोरासमोर ठेवले. नवी कॅसेट नव्हती, म्हणून ट्रंकेतली एक जुनी घेतली. बटणं दाबली आणि मला म्हणाली, "चल, बाहेर बसू." तिला ते ऐकायचं नव्हतं. दार ओढून घेऊन आम्ही पायरीवर बसलो. बाबा वडशाला होते. घरात कुणी नव्हतं. समोर सागाची पानं पडत होती, एक पान पत्र्यावर पडलं तरी आवाज व्हायचा. आतून दाराआडचा ड्रमचा आवाज दबका येत होता. मध्येच आईनं मान वळवून दाराकडं पाहिलं. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." कॅसेटी दुसऱ्या दिवशी पोस्टानं गेल्या.

गजभिये आमच्या घरी आले ते पुढच्या उन्हाळ्यात. मोहफुलं पडायचे दिवस होते, सगळ्या गावाला तो गोड, आंबूस वास होता. रविवार होता, म्हणून बाबाही घरी होते. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, घामानं भिजलेले, असे एक गृहस्थ बसमधून उतरून विचारत विचारत दारात आले. नागपूरला टेलिफोन खात्यात होते. बेंजीच्या जितक्या कॅसेटी असतील तितक्या त्यांनी जमवल्या होत्या, आणि दर रविवारी त्यांच्या घरी त्याचे चाहते ऐकायला जमत. आईला ते पाया पडल्यासारखा नमस्कार करून म्हणाले, "ताई, तुम्ही पाठवलेला तो तुकडा. रायपूरची मूळ कॅसेट यंत्रात गुंतून खराब झाली. आता जगात ती एकच प्रत आहे, माझ्याजवळ. आम्ही दर रविवारी शेवटी तीच लावतो."

आईनं पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ड्रम वाजवायच्या दोन काड्या होत्या, नव्या, पिवळसर लाकडाच्या. खोलीभर नजर फिरवून ते हसत म्हणाले, "छोटे उस्ताद कुठी आहेत? आमच्या सगळ्यांकडून त्यांच्यासाठी आणल्या."

बाबांना ऐकू आलं नव्हतं, ते काड्यांकडं बघून माझ्याकडं बघत होते. आईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "कोण छोटे उस्ताद?"

"टेपवरचा मुलगा," ते म्हणाले. "डब्यावर ठेका धरतो तो. आणि शेवटी तुम्हाला विचारतो ना..."

"त्या वेळी घरात कोणी नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

गजभियांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी एकदा आईकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, तिथं फोटो नव्हता, कारण चंदूचा फोटो कधी काढलाच नव्हता. पण त्यांना कळलं असावं. त्यांनी काड्या पुन्हा कागदात घातल्या. "ताई, मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी जातो." आई म्हणाली, "बसा. कॅसेट आणली असन ना? लावा."

टेपवरचं कापड तिनंच काढलं. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं, तरी तिनं दार लावून घेतलं. आधी नुसती खरखर. मग बेंजी सुरू झाला. मी तोवर त्याच्या बऱ्याच कॅसेटी ऐकल्या होत्या, पण असं त्याचं काही ऐकलं नव्हतं. तो फार हळू वाजवत होता. कुणी जागं होऊ नये म्हणून पाय न वाजवता चालावं, तसं. आणि मग त्याच्या खाली दुसरा ठेका ऐकू आला. पत्र्याचा. बोटाच्या टोकांचा. मी आईकडं पाहिलं नाही. बेंजीचा ठेका वाढत गेला तसा तोही वाढला. मग एका ठिकाणी बेंजी एकदम थांबतो. कुठलीही सूचना नाही, वळण नाही, मधेच थांबतो. डबाही तिथंच थांबला. मग शांतता, आणि त्या शांततेत, दूरच्या खोलीतून आवाज यावा तसा, पण अगदी स्पष्ट, आमचा चंदू बोलला. "आई, आता बोलू का?"

बाबा म्हणाले, "काय झालं? काऊन रडून राह्यल्या तुमी दोघी?"

आईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते सरकत टेपजवळ आले. "पुन्हा लाव." गजभियांनी कॅसेट मागं घेतली. बाबा वाकून, कान स्पीकरला लावून बसले. ठेका संपला, ती जागा आली, ती गेली. बाबांनी मान हलवली. "ढोल आला. पुढचं नाई आलं. पुन्हा लाव." या खेपेला त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, जणू तो आवाज कानानं नाही तर कातडीनं घेता येईल. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. चंदू बोलला. बाबांचा चेहरा तसाच, वाट बघत असलेला. त्यांना कळलंच नाही की ते होऊन गेलं.

गजभिये खाली मान घालून बसले होते. मीच त्यांना विचारलं, हे कसं झालं. त्यांनी मला शास्त्र सांगितलं. जुन्या कॅसेटवर नवं भरलं की खालचं पुसलं जातं, पण टेपचं पुसायचं हेड कमजोर असलं तर खालचं थोडं राहून जातं, नव्याच्या आडून ऐकू येतं. ट्रंकेतली ती जुनी कॅसेट कधीतरी आम्ही भरली असेल, तेव्हा तो जवळ बसलेला असेल. मला ते पटलं. आजही पटतं. "पण मग," मी म्हणाले, "बेंजी जिथं थांबतो तिथंच डबा कसा थांबला? हा तुकडा त्यानं कधी ऐकलाच नव्हता." "पोरी," ते म्हणाले, "मी रेडिओ उघडून बसतो, टेप उघडून बसतो, सगळं तपासून पाह्यलं. हे एक मले नाई सांगता येत."

जाताना त्यांनी कॅसेट आईच्या हातात ठेवली. त्यांच्यासाठी ते काय होतं ते आज मला कळतं. बेंजीचा तो तुकडा पुन्हा कुठंच मिळणार नव्हता. "ही तुमची आहे ताई," ते म्हणाले. आईनं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. बाबा अजून टेपपाशीच बसले होते, हात जाळीवर. आईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि कॅसेट परत गजभियांच्या पिशवीत टाकली.

"घेऊन जा. मले ऐकू येते, यांना नाई येत. एका घरात असं नाई चालत."

मी ओरडले. आईवर असं मी आधी कधी ओरडले नव्हते. "तू त्याला देऊन टाकून राह्यली! अनोळखी माणसाला!" आईनं मला जवळ घेतलं नाही की ती रागावलीही नाही. म्हणाली, "तिकडं बसून लोकं ऐकतेत ना. ऐकू दे. आपल्या इथी ठेवलं तर मी रोज लावीन, अन् हे रोज असे हात ठेवून बसतीन." बाबांनी कागदातल्या काड्या मात्र परत जाऊ दिल्या नाहीत. त्या त्यांनी आपल्या उशाखाली ठेवल्या, आणि सोमवारी पहाटे वडशाला जाताना पिशवीत घालून नेल्या. मिलमध्ये त्यांच्या खोलीत त्या शेवटपर्यंत होत्या, हे मला त्यांच्या सोबत्यांकडून नंतर कळलं. त्यांनी त्या कधी वाजवल्या का, हे मी विचारलं नाही.

पुढं मी मास्तरीण व्हायचं ठरवून नागपूरला शिकायला गेले. हॉस्टेलचं जेवण, शहरी मुलींनी माझ्या बोलण्याला हसणं, सगळं होतं. पण पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की या शहरात कुठंतरी माझा भाऊ दर रविवारी बोलतो. जायचं धाडस होईना. एका रविवारी सकाळी गेले. गजभिये काकांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि आत एक जागा करून दिली. छोटी खोली, सतरंजी, पंधरा-वीस माणसं. एक रेल्वेतले म्हातारे गार्ड, एक शाळेतल्या बाई, दोन कॉलेजच्या मुली, एक लग्नाच्या बँडमधला तरुण. आधी बेंजीच्या दुसऱ्या कॅसेटी झाल्या. ते त्यावर भांडले, हसले, गुडघ्यावर ताल धरला. मग काका उठले आणि कुणी न सांगता सगळे गप्प झाले.

तोच हळू ठेका. तोच डबा. मी खाली सतरंजीच्या काठाकडं बघत बसले होते, तरी मला जाणवलं की ठेका वाढत गेला तशी खोलीतली सगळी माणसं किंचित पुढं झुकली. बेंजी थांबला. "आई, आता बोलू का?" आणि म्हातारे गार्ड डोळे मिटलेलेच, अगदी हळू, रोजची सवय असावी तसे म्हणाले, "बोल, बेटा." आणखी दोघा-तिघांचे ओठ हलले. यात कुणालाच काही वेगळं वाटत नव्हतं. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही, ज्याचं नाव त्यांना माहीत नाही, त्याला ते दर रविवारी परवानगी देत होते, आणि मग टेपची उरलेली सगळी खरखर संपेपर्यंत, तो बोलेल म्हणून, थांबत होते.

शेजारची मुलगी माझ्याकडं वळली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं, काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती कुजबुजली, "दर वेळी वाटतं, आज तरी पुढचं ऐकू येईल."

खटकन आवाज झाला. कॅसेट संपून बटण वर आलं होतं. मी दचकले. कुणी उठायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढचं मला माहीत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. काका भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी सांग म्हणून मान डोलावली. आमच्या घरात त्याचं नाव घ्यायला जागा नव्हती. इतकी वर्षं मी ते तोंडात धरून बसले होते, त्याच्यासारखीच, दोन्ही हात दाबून.

"आई म्हणायची, बोल," मी म्हणाले. "अन् मग तो पहिलं हेच विचारायचा, बेंजीचे हात दुखत नसतीन का. त्याला जेवण मिळत असन का. आपल्या इथी आला तर तो वास्त्याची भाजी खाईन का."

कुणी हसलं नाही. गार्डसाहेबांनी डोळे उघडले होते. "नाव काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

"चंदू," मी म्हणाले, आणि सांगत राहिले.